चुलीत गेलेल्या गोळ्या

बेला, जि. आदिलाबाद
१८ डिसेंबर १९९७

प्रिय चारू,

तुला या आबाचे पोटभर आशीर्वाद. एरवी मी तुला कार्ड टाकतो. आम्ही खुशाल, तुम्ही खुशाल, खाली सही. या वेळी पाकीट आणलं, कोरे कागद आणले आणि सकाळी चहा झाल्यापासून दारात बाज टाकून लिहायला बसलो आहे. माझं लिहिणं कसं ते तुला माहीत आहे. निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत शिकलो, तेही उर्दूत. मराठी अक्षरं पंचांगावरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून गोळा केली. तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही या पत्रात पुष्कळ येतील. त्रासू नकोस. काळजी लागली की मला मधूनच बोलता येत नाही, सुरुवातीपासून सांगावं लागतं.

इकडचं सांगायचं तर कापसाचा दुसरा वेचा चालू आहे. बोंडं बारीक आहेत, पण आहेत. आपल्या शेजारच्या मोतीरामचा गुडघा पुन्हा सुजला. बाजेवर बसल्या बसल्या तो साऱ्या वेचणाऱ्या बायांना शिव्या देतो आणि त्या त्याला हसतात. माझा खोकला थंडीमुळे वाढला आहे, त्याचं काही नाही. घरात मी एकटा, म्हणून मोतीरामची सून सकाळी दोन भाकरी आणून ठेवते. तुझी आजी गेल्यापासून चूल एकदाच पेटते. हे तुला काळजी वाटावी म्हणून लिहिलं नाही. खरी काळजी मला लागली आहे, आणि ती मागच्या रविवारपासून.

रविवारी मी तुझ्या सासरी तलमडुगूला न सांगता आलो. तुरीच्या शेंगा निघाल्या होत्या, तुला आवडतात. पिशवीत वर शेंगा, खाली तीळ आणि तिळाच्या खाली नेहमीचं गोळ्यांचं पाकीट. आदिलाबादला गाडी बदलताना ते घेतलं होतं. दारातून पाहिलं तर तू घरात नव्हतीस. मागच्या पडवीत घोंगडीवर बसली होतीस, बाजूला वेगळं ताट, वेगळा तांब्या. मला वाटलं, असेल, चार दिवस सगळ्याच बायांचे असतात. मी लांबूनच विचारलं, बरी आहेस का? तू मान वर न करता म्हणालीस, “दिवाळी झाली तवापासून इथंच हाओ आबा. मधात एकडाव घरात घेतलं होतं, पुन्हा बाहेर आली.” बोलताना तुला धाप लागत होती. शेंगा घ्यायला उठलीस तेव्हा आधी भिंत धरलीस आणि बांगड्या मनगटावरून पार कोपराकडे घसरल्या. नखं पाहिली मी तुझी. चुन्यात बुडवल्यासारखी होती. मी हळूच विचारलं, गोळ्या? तू म्हणालीस, “चुलीत गेल्या.”

तेवढ्यात तुझ्या सासूबाई देवकाबाई बाहेर आल्या. मला बसायला बाज दिली, विचारपूस केली आणि मग म्हणाल्या, “बरं झालं तुमीच आले, इवाईबुवा. तुमच्या नातीच्या पेटीत लेकरं बंद कराच्या गोळ्या सापडल्या. वरीस होऊन राह्यलं लग्नाले. आमी देवाले नवस बोलून राह्यलो, अन् ही चोरून गोळ्या खाऊन राह्यली. हे माहेरानंच शिकवून धाडलं का?” शेजारची बाई कुंपणापाशी उभी होती, तीही ऐकत होती. तुझे सासरे गोपाळराव खुर्चीवर पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. मी काय केलं? मी हात जोडले. म्हणालो, लेकरू आहे, चुकलं असेल, पदरात घ्या. आणि शेंगा ठेवून, पाकीट पिशवीत तसंच घेऊन, दुपारच्या गाडीनं परत निघालो. मुलीकडच्या माणसाची मान वाकलेलीच असायची, असं आम्ही शिकलो. पण चुकलं असेल म्हणालो ते खोटं होतं, चारू. तुझं काही चुकलेलं नाही. मला ते उभ्या घरासमोर म्हणता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

देवकाबाईंवर माझा राग नाही, तूही धरू नकोस. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लाल त्रिकोण काढलेला असतो, आणि नर्सबाई तसल्याच पाकिटातल्या गोळ्या घरोघर वाटते. या घेतल्या की दिवस जात नाहीत, असं सांगते. त्यांनी पेटीत तेच पाहिलं. नातवंडाची वाट पाहणाऱ्या बाईनं अजून काय समजायचं? मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच समजलो असतो. जावईबापूंना तू लग्नानंतर सगळं सांगितलं होतंस आणि त्यांनी घे म्हटलं होतं, हे मला माहीत आहे. पण ते मंचेरियालला नोकरीवर. महिन्यातून एकदा येणारा मुलगा आईजवळ असल्या गोष्टी काढायला लाजला असेल. पुरुषांचं या बाबतीत असंच असतं. आमची सगळ्यांची जीभ इथेच लुळी पडते.

आता तुझ्या आईचं लिहितो. माझी लेक दमयंती काविळीनं गेली असं आम्ही गावाला सांगितलं, सोयऱ्यांना सांगितलं, तुझ्या बापाला बल्लारपूरला निरोप धाडला त्यातही कावीळच सांगितली. त्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि तो विषय तिथेच मिटला. खरं काय ते तुझ्या आजीनं तू मोठी झाल्यावर तुला सांगितलं. मी मात्र त्याबद्दल आजवर तोंडातून शब्द काढला नाही, तुझ्या आजीजवळसुद्धा नाही. आज पहिल्यांदा कागदावर येत आहे, अक्षर वाकडं गेलं तर समजून घे.

तू झाल्यावर तुझ्या आईचं सगळं बिघडलं आणि ती इथे माहेरीच राहिली. कधी दोन-दोन, तीन-तीन महिने काही नाही, आणि एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. तेव्हा आपल्याकडे रीत कडक होती. परसात कडबा ठेवायची खोली होती ना, तिथे ती बसायची. तुझी आजी भाकरी वरून टाकायची, पाणी वरून ओतायची. तू लहान, आईकडे धावायचीस आणि तुला ओढून आणावं लागायचं. अंगावरचे ते कपडे ती पहाटे नाल्यावर एकटीच धुवायची आणि झुडपाआड जुन्या लुगड्याखाली वाळवायची. पुरुषाच्या नजरेला ते पडू नयेत, दुसऱ्या बाईचा त्यांना हात लागू नये, अशी आपली शिस्त. त्यामुळे अंगावरून किती जातं हे तिच्याशिवाय कुणालाच दिसत नव्हतं. आम्ही म्हणायचो, दमयंती बाहेर बसली आहे. म्हणजे झालं. त्यापुढे कुणी काही विचारायचं नसतं.

त्या वर्षी पोळ्याचा दिवस होता. माझा एक बैल आणि मोतीरामचा एक, अशी आमची जोडी. दोघं मिळून बैल धुतले, शिंगं रंगवली, बेगड लावली, झुली चढवल्या. तुझी आजी परसात भाकरी द्यायला गेली ती ओरडतच परत आली. दमयंतीच्या हातून तांब्या पडला होता आणि ती तो उचलू शकत नव्हती. मी त्या खोलीच्या दाराशी गेलो, बाप असून पहिल्यांदा गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती. ओठ आणि गाल यांचा रंग एकच झाला होता. खालची घोंगडी मी पाहिली. ते नाही लिहीत.

पोळ्याला बैल जुंपत नाहीत. वर्षभर राबतात, त्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवणं म्हणजे पाप. गावात त्या दिवशी एकही गाडी निघणार नव्हती. बस कशामुळे आली नाही ते आठवत नाही, आली नव्हती एवढं खरं. दोन-तीन घरी विचारलं, लोक म्हणाले, आज कसं, उद्या सकाळी पाहू. मोतीरामनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, “पाप लागन तं मले लागन. तू जुप.” झुली काढायलाही थांबलो नाही. रंगवलेल्या शिंगांचे, बेगड लावलेले बैल जुंपून आम्ही वेशीतून निघालो, तेव्हा गावातली पोरं टाळ्या पिटत मागे धावली. त्यांना वाटलं, यंदा मिरवणूक लवकर निघाली.

जैनथच्या पुढे एका ट्रकवाल्यानं घेतलं. आदिलाबादला पोचलो तेव्हा ती डोळे उघडत होती, मिटत होती. डॉक्टरनं नाडी पाहिली आणि विचारलं, किती दिवसांपासून जात आहे? मी तुझ्या आजीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. तो पुन्हा म्हणाला, किती जातं, रोज किती कपडे लागतात? आम्हाला नाही सांगता आलं. ज्या घरात ती जन्मली, ज्या परसात ती बसली, तिथल्या एकाही माणसाला नाही सांगता आलं. त्यानं आम्हाला बोल लावला नाही. उशीर झालेला होता. दिवस मावळायच्या आधी ती गेली.

गावात कावीळ सांगणं सोपं पडलं, कारण शेवटी तिचा चेहरा तसाच झाला होता. आणि ज्या आजाराचं नाव चारचौघांत घेता येत नाही, त्यानं माणूस मेलं असं सांगायचं तरी कसं?

म्हणून तुझं सुरू झालं आणि तेही आईसारखंच निघालं, तेव्हा तुझ्या आजीचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. तुला आठवत असेल. शाळेत तू बाकावर बसल्या बसल्या घेरी येऊन पडलीस आणि मास्तर तुला सायकलवर घेऊन आले. शेजारणी म्हणाल्या, परसातली खोली झाडून घ्या. तुझी आजी, जिनं उभ्या जन्मात सोवळं मोडलं नव्हतं, ती अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, “हे लेकरू बाहेर नाई बसनार. देव बाटला तं बाटू दे. लेकरं मेल्यावर देव पुजून काय करू?” त्यावर गावात महिनाभर चघळणं चाललं. भागीरथाबाईनं म्हातारपणी ताळतंत्र सोडलं म्हणाले. हळदीकुंकवाला तिला बोलवेनात. तिनं ढुंकून पाहिलं नाही. ती तुझे कपडे स्वतः धुवायची, रोज पाहायची आणि मला येऊन सांगायची, आज इतके लागले. मला शरम वाटायची, मी तोंड फिरवायचो. ती म्हणायची, “तोंड काऊन फिरवता? एकडाव फिरवलं तेवढं बस नाई झालं का?”

आदिलाबादच्या बाईडॉक्टरकडे आपण तिघं गेलो. ती तेलुगू, आपल्याला मराठी, मधे मोडकी हिंदी. मी बाहेर बाकावर बसलो होतो, बायकांच्या गोष्टी म्हणून. आतून ती ओरडली, “बुढ्ढे को भी बुलाओ, पैसा और इजाजत तो वही देगा.” आणि मग तिनं जे समजावलं ते मी पाठ केलं आहे. बाईच्या अंगात महिन्याचा हिशोब ठेवणारा एक रस असतो. काहींच्या अंगात तो वेळेवर तयार होत नाही. मग आतलं अस्तर वाढत राहतं आणि एकदा पडायला लागलं की पडतच राहतं. गोळीत तोच रस आहे. गोळी घेतली की अंगाला महिना कळतो, वेळेवर येतं, वेळेवर थांबतं. मी धीर करून विचारलं, बाई, या तर भिंतीवरच्या त्रिकोणाच्या गोळ्या दिसतात, पुढे लेकरू होईल ना हिला? ती हसली. म्हणाली, “दवा एक है, काम दो. जब तक खाएगी, बच्चा रुकेगा. छोड़ेगी तो रास्ता खुला. लेकिन अपने मन से नहीं छोड़ना. बच्चा चाहिए तो मेरे पास लाना, मैं दूसरी दवा दूँगी. पहले खून भरने दो.” सोबत लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि पाय सुजला, एका बाजूचं डोकं फार दुखलं तर लगेच या, असंही बजावलं. दोन महिन्यांत तुझ्या तोंडावर रंग आला. तू दहावी झालीस, इंटर झालीस. त्या गोळ्यांवर झालीस.

पाकीट आणायचं काम माझ्याकडे आलं. बेल्यातल्या मेडिकलमध्ये घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा, आणि तुझं लग्न व्हायचं होतं. म्हणून दर महिन्याला मी बस धरून आदिलाबादला जायचो. दुकानासमोर उभा राहायचो, गिऱ्हाईक सरेपर्यंत. आणि नेमकं माझी पाळी आली की मागे दोन माणसं येऊन उभी राहायची. दुकानदार तेलुगू, आवाज खणखणीत. चिठ्ठी वाचून साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणायचा, “तात,” म्हणजे आजोबा, “ये तो फ्यामिली प्लानिंग की गोली है, किसके लिए?” मागचे हसायचे. एकदा एक जण म्हणाला, “बुढाऊनं नवी केली वाटते!” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन तुझ्या आजीला म्हटलं, मी नाही जाणार पुढच्या वेळी. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की खोकला आला. म्हणाली, “गावाले वाटते ना तुमी अजून जवान हा? वाटू द्या की.” पुढच्या महिन्यात मी गेलो. ती गेल्यावरही जात राहिलो. नंतर तो दुकानदार मला पाहिलं की न विचारता कागदात गुंडाळून द्यायचा.

तुझ्या लग्नानंतर मी तुला भेटायला येतो म्हणून सगळे म्हणतात, म्हाताऱ्याचा नातीवर फार जीव. जीव आहेच. पण गोळ्या संपायच्या आत पोचायचं असायचं. दसऱ्याच्या सुमारास मला ताप आला, त्या महिन्यात येणं झालं नाही. पुढच्या वेळी आलो तेव्हा तू पाहुण्यांच्या गर्दीत होतीस, पाकीट हातात दिलं, बोलणं झालं नाही. ते पाकीट तुझ्या पेटीत सापडलं आणि चुलीत गेलं, हे मला रविवारी कळलं.

रविवारी परतताना मी सरळ बेल्याला आलो नाही. आदिलाबादला उतरलो आणि बाईडॉक्टरच्या दारात बसलो. दवाखाना बंद होता, ती वरच्या मजल्यावर राहते, तिनं खिडकीतून ओळखलं. आता तीही म्हातारी होत आली आहे. मी सगळं सांगितलं. तिनं विचारलं, पोरीला धाप लागते का? म्हटलं, लागते. नखं? पांढरी. चक्कर? भिंत धरून उठते. किती दिवसांपासून? या वेळी मला उत्तर देता आलं, दिवाळीपासून. ती माझ्यावर अशी भडकली, चारू, की मला खाली पाहावं लागलं. “तुम वहाँ बात करने गए थे या तुअर देने?” म्हणाली, अचानक गोळी बंद झाली, अंगातलं रक्त आधीच कमी, त्यात असं चालू राहिलं तर एखाद्या दिवशी ती उठणारच नाही. तुम्ही आणलेलं पाकीटही आता तिला असं देऊ नका. आधी तपासायचं, रक्त चढवावं लागेल, मग कोणती गोळी ते मी ठरवीन. लेकरू हवं असेल तर तेही होईल, पण ज्या बाईच्या अंगात स्वतःपुरतं रक्त नाही तिच्या पोटात लेकरू कसं धरेल? हेच तिचे शब्द. मी एकही शब्द माझ्या पदरचा घातला नाही. शेवटी म्हणाली, “ले आओ. देर मत करो.”

सोमवारी मी तलमडुगूला परत यायला निघालो होतो. बसस्टँडपर्यंत गेलो. तिथे बसून मनात बोलणं जुळवलं. देवकाबाईंना काय सांगू, कुठल्या शब्दांत सांगू? विहीणबाई, माझ्या नातीच्या अंगावरून... इथपर्यंत यायचो आणि पुन्हा विहीणबाईपासून सुरू करायचो. गाडी आली, लोक चढले, गेली. मोतीरामला सांगितलं तर तो म्हणाला, “बैल जुपाले मी होतो, बोलाले तं तुलेच लागन ना बे.” तीन दिवस मी घरातून दारात, दारातून घरात करतो आहे. आणि मग हे पत्राचं पाकीट आणलं.

आता इतकं लांबण का लावलं ते सांगतो. यातलं तुला काय नवीन होतं? आईचं तुला आजीनं सांगितलं होतं, गोळ्यांचं तू स्वतः डॉक्टरच्या तोंडून ऐकलं होतंस, पडवीत काय चाललं आहे ते तर तूच भोगते आहेस. हे पत्र मी तुझ्यासाठी लिहिलं नाही, चारू. तुझ्या घरची रीत मला माहीत आहे. सुनेच्या नावाचं पत्र पोस्टमन ओसरीवर देतो, गोपाळराव चष्मा लावून ते उघडतात आणि जेवणं झाली की मोठ्यानं वाचतात, कारण देवकाबाईंना अक्षरओळख नाही. समोर बसून जे माझ्या जिभेवर येत नाही, ते गोपाळरावांच्या आवाजात घरभर ऐकू जाईल. ते मुख्याध्यापक होते, अर्धवट वाचून कागद खाली ठेवायची त्यांना सवय नसेल. गोपाळराव, मधेच थांबला असाल तर मी हात जोडतो, शेवटपर्यंत वाचा. देवकाबाई, तुम्ही आई आहात, मी जे त्या दारात उभं राहून पाहिलं ते तुम्हाला पाहावं लागू नये एवढंच मागतो. पत्र ऐकून झालं की पडवीत जा, पोरीला हाताला धरून घरात घ्या आणि तिच्या नखांकडे स्वतः पाहा. मी येत्या बुधवारी, चोवीस तारखेला, पहिल्या गाडीनं येतो आणि तिला आदिलाबादला दवाखान्यात नेतो. तुम्ही सोबत चला, डॉक्टरीणबाईला हवं ते विचारा. पण जाणार नाही म्हणालात, पाठवणार नाही म्हणालात, तर मी तुमच्या ओसरीवर बसेन आणि जो जो रस्त्यानं जाईल त्याला हेच सगळं सांगेन, कावीळ नाही सांगणार. आणि चारू, हे पत्र तुझ्या हातात नाही पडलं तरी चालेल. बसल्या जागी तुला ते ऐकू आलं, तर दोन लुगडी बांधून ठेव.

तुझाच,
आबा